पिकअप घेऊन सहकुटुंब थरच्या वाळवंटात: आधी वजनकाटा, मग वाळू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रस्त्यावर घर, नवरा-बायको दोघंही गाडी चालवणारे, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं, सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई आणि दारात नुकतीच आलेली डबल कॅब फोर बाय फोर पिकअप. नाताळच्या सुट्टीत ती घेऊन जैसलमेर गाठायचं, वाळूच्या टेकड्यांत गाडी घालायची आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. त्यासाठी छतावरचा तंबू घ्यावा का, सामान काय लागेल आणि सासूबाईंना न्यावं की नाही, असं तुम्ही विचारलंय.

जरूर जा, सासूबाईंनाही न्या. फक्त एक गोष्ट पुण्यातच ठरवून टाका. भरलेली गाडी आणि वाळूची टेकडी यांची गाठ पडू द्यायची नाही. माणसं आणि सामान खाली उतरवून रिकाम्या गाडीने वाळूत काय खेळायचं ते खेळा. मुक्कामाची जागा मात्र अशीच निवडा, जिथे डांबरी रस्त्याने किंवा पक्क्या मातीच्या वाटेने पोचता येतं. वाळवंटातल्या फजितीच्या ज्या कहाण्या ऐकायला मिळतात, त्यातल्या बहुतेकांत टेकडीवर अडकलेली गाडी तंबू, पाणी, सिलिंडर आणि लेकरांसकट अडकलेली असते.

म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही, वजनाचं आहे. पिकअप म्हटलं की मागचा हौदा बघून आपल्याला वाटतं, टाका काय टाकायचं ते. गाडीचं रिकामं वजन आरसीवर असतं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन कंपनीच्या माहितीपुस्तकात. या दोन्हींतला फरक एवढीच तुमची मुभा, आणि तिच्यात गाडीत बसलेली माणसंही आली. आता तुमचा हिशेब मांडू. पाच जणांचे मिळून अडीचशे किलो धरा. पिण्या-वापरण्याचं पाणी ऐंशी लिटर, म्हणजे ऐंशी किलो. छतावरचा तंबू आणि त्याखालची लोखंडी चौकट मिळून शंभरच्या आसपास. शेगडी, सिलिंडर, भांडी, अंथरुणं, बॅगा, फावडं, दोर, हवेचा पंप असं किरकोळ म्हणता म्हणता सव्वाशे. झाले साडेपाचशे. खासगी नोंदणीच्या कित्येक पिकअपची मुभा याच्या खूप अलीकडेच संपते.

कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. चाकण, भोसरी, मार्केट यार्ड या भागांत ट्रकवाल्यांसाठी वजनकाटे आहेत. एखाद्या रविवारी डिझेलची टाकी पूर्ण भरा, पाण्याचे कॅन भरा, सगळं सामान लादा, सासूबाईंसकट सगळ्यांना बसवा आणि गाडी काट्यावर घाला. आधी अख्खी गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. काटेवाला जरा चमत्कारिक नजरेने बघेल आणि तीन पावत्या फाडून देईल. त्यातली मागच्या चाकांची पावती सगळ्यात महत्त्वाची. पिकअपमध्ये जड वस्तू मागच्या फाळक्याजवळ ठेवल्या की गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. पाण्याचे कॅन आणि हत्यारांची पेटी केबिनच्या पाठीला चिकटवून ठेवा, उशा-गोधड्या मागे जाऊ द्या. एवढ्या फेरफारानंतर पुन्हा काट्यावर जा आणि पुढच्या चाकांचा आकडा किती वाढला ते बघा. महामार्गावर ट्रकला ओलांडून जाताना हा फरक हाताला कळतो.

या हिशेबातच छतावरच्या तंबूचं उत्तर आहे. तुम्ही दोघंच असता तर मी विचार केला असता. पाच जणांत, त्यातही सदुसष्ट वर्षांच्या बाई आणि पाच वर्षांचं पोर असताना, नको. तो सगळ्यात जड सामान सगळ्यात उंच जागी नेऊन ठेवतो आणि तिरक्या उतारावर गाडी उलटायला तेवढं पुरतं. रात्री दोन वाजता लघवीला उठलेल्या माणसाने अंधारात शिडी उतरायची हे आणखी वेगळं. वारा सुटला की कापडाची फडफड झोपू देत नाही ती गोष्ट निराळीच. शिवाय गाडीला कायमचं काही जोडायचं, वेल्डिंग करायचं म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. पुढे बसवायच्या लोखंडी बुलबारवर तर डिसेंबर २०१७ पासूनच बंदी आहे. दुकानदार 'सगळेच बसवतात' म्हणेल. रस्त्यात हवालदार अडवेल तेव्हा तो सोबत नसतो.

त्यापेक्षा हौद्यावर ताडपत्री नीट ताणा आणि तिच्याखाली तुम्ही दोघं झोपा. सासूबाई आणि मुलं खाली, उभं राहता येईल अशा उंचीच्या तंबूत. पानशेतला वापरतो त्या वीतभर खुंट्या वाळूत टिकत नाहीत, पहिल्या झुळकेला उपटून येतात. कापडी पिशव्या न्या. त्यात वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा आणि हातभर खोल खड्ड्यात गाडून टाका. दोरीचं दुसरं टोक तंबूला. वाऱ्याच्या बाजूची दोरी सरळ गाडीच्या चाकाला बांधली तरी चालेल, फक्त सकाळी गाडी काढण्याआधी ती सोडायची आठवण ज्याने बांधली त्यानेच ठेवायची. तंबूच्या चेनमध्ये वाळू अडकते, त्यासाठी जुना टूथब्रश जवळ असू द्या.

थंडीबद्दल पुणेकरांचा अंदाज हमखास चुकतो. डिसेंबर-जानेवारीत जैसलमेरला दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि पहाटे पारा सात-आठ अंशांवर असतो, कधी त्याहूनही खाली. वाळू दिवसा तापते तशीच सूर्य मावळला की झपाट्याने निवते, आणि थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. घरातली जाडजूड गोधडी अंगावर घेण्याऐवजी अंगाखाली घाला, तिच्याखाली फोमची चटई. हौद्यातल्या पत्र्यावर झोपणाऱ्यांना तर हे दुप्पट लागू. आणि थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा निखारे तंबूत, गाडीत कधीही घ्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

आता टायरकडे येतो, कारण वाळूतलं निम्मं कौशल्य तिथेच आहे. हवा कमी केली की चाक पसरतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते रुंदीला फारसं पसरत नाही, लांबीला पसरतं. जमिनीला टेकणारा रबराचा पट्टा लांब होतो, तेच वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावर तरंगत जातं. डांबरी रस्त्यावर तुमच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे पस्तीसच्या आसपास हवा असेल, तर वाळूत शिरण्यापूर्वी ती १८ पीएसआयवर आणा. फारच भुसभुशीत असेल तर १५. बाराच्या खाली जाऊ नका. तिथून पुढे जोरात वळवलं की टायर रिमवरून निसटतो. आणि १५-१८ वर असताना ताशी तीस-चाळीसच्या वर वेग नको, झटक्यात वळणं नकोत.

हवा काढायला घाई करू नका. महामार्गावरून आल्या आल्या टायर गरम असतो आणि मीटर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, तेवढा फरक हिशेबात धरा. नऊ वर्षांच्या मुलाला मीटर हातात द्या. चारही चाकांपाशी बसून आकडा ओरडून सांगायचं काम मुलं मनापासून करतात, आणि तेवढा वेळ ती उन्हात पळत सुटत नाहीत. व्हॉल्व्हची टोपणं खिशात ठेवा, वाळूत पडलं की गेलं.

परत डांबरावर आलात की हवा भरल्याशिवाय निघायचं नाही. कमी हवेचा टायर वेगात बाजूने तापतो आणि फुटतो. त्यासाठी चांगला कॉम्प्रेसर हवा. सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचा छोटा पंप एवढ्या मोठ्या टायरला पुरत नाही, फ्यूज उडतो. चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडायचा घ्या आणि इंजिन चालू ठेवून वापरा. एका चाकाला पाच-आठ मिनिटं लागतात. पंक्चरची दोऱ्यांची पेटीही घ्या, कारण त्या भागात टायरचा खरा वैरी विलायती बाभळीचा काटा आहे. कुंपण म्हणून घातलेल्या फांद्या वाऱ्याने वाटेवर येतात.

वाळूत गाडी घालायची वेळ सकाळची. रात्रीच्या गारव्याने आणि दवाने वाळू आवळलेली असते आणि तिरप्या उन्हात चढ-उतारांच्या सावल्या दिसतात. भर दुपारी वाळू मोकळी होते आणि सगळीकडे एकसारखा पिवळा उजेड पडल्याने समोरचा खड्डा खड्डा वाटतच नाही. फोर बाय फोर आधीच लावा, रुतल्यावर नाही. (कोरड्या डांबरावर मात्र ते काढून टाका, नाहीतर मधल्या गिअरबॉक्सवर विनाकारण ताण येतो.) ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. चाक जरा घसरलं की तो इंजिनची ताकद कापतो आणि नेमक्या चढावर गाडी मेल्यासारखी होते.

टेकडीला वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची आणि घट्ट असते, पलीकडची बाजू उभी, भुसभुशीत, साधारण ३२ ते ३४ अंशांची. चढायचं सौम्य बाजूने, सरळ, नाकासमोर. माथ्याच्या आधी एकदा तरी उतरून चालत वर जा आणि पलीकडे काय आहे ते डोळ्यांनी बघा. जैसलमेरजवळच्या सम गावाच्या बाजूला सफारीच्या जिप्सी समोरून सुसाट येतात, माथ्यावर दोन बोनेट भेटायला क्षणही लागत नाही. चढ जमला नाही तर तिथे वळायचा प्रयत्न करायचा नाही. आपल्याच चाकोरीतून सरळ रिव्हर्समध्ये खाली यायचं. उतारावर तिरकं जायचं नाही, आणि गेलोच व मागची बाजू घसरू लागली तर स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवून थोडा वेग द्यायचा. हाताला हे उलटं वाटतं, वर वळवावंसं वाटतं, आणि गाडी तिथेच उलटते. थांबताना ब्रेक न मारता पाय उचला. ब्रेक मारला की चाकापुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. थांबायचंच तर नाक उताराकडे करून.

यातलं काहीही सासूबाई आणि मुलं गाडीत असताना करायचं नाही. माथ्यावरून गाडी आदळते तेव्हा ड्रायव्हर स्टिअरिंग धरून सावरलेला असतो, मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या माणसाच्या मणक्याला तो दणका थेट बसतो. त्यांना पायथ्याशी खुर्ची टाकून द्या, हातात चहाचा कप द्या. तुमची कसरत बघायला तीच जागा उत्तम. हौद्यात कोणालाही बसवायचं नाही, शंभर मीटरसाठीही नाही.

गाडी रुतणार हे धरून चला. रुतली हे कळताक्षणी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. बहुतेकांचं उलट होतं. आणखी जोर देतात, चाकं गरगरतात, दहा सेकंदांत गाडी पोटावर बसते आणि पाच मिनिटांचं काम तासावर जातं. खाली उतरून आडवे व्हा आणि गाडीखाली बघा. चाकापुढची वाळू दिसते म्हणून सगळे तीच उपसतात, पण गाडीला धरून ठेवलेली वाळू असते डिफरन्शिअलच्या भोपळ्याखाली (आसाच्या मधल्या गोल फुगवट्याखाली) आणि चासीच्या पट्ट्यांखाली. ती लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढा. घमेलं असेल तर उत्तम, उपसलेली वाळू लांब टाकता येते, नाहीतर ती घसरून पुन्हा तिथेच येते. मग चारही चाकांपुढे उतरता पाट करा, हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा, रिकव्हरी बोर्डचे, म्हणजे चाकाखाली घालायच्या प्लास्टिकच्या फळीचे, दाते टायरच्या खाचेत घट्ट खुपसा आणि शक्यतो आलात त्याच वाटेने मागे निघा, कारण ती वाळू तुम्हीच दाबून ठेवलेली असते. बोर्डवर चाक गरगरवलं की प्लास्टिकचे दाते वितळतात, मग तो बोर्ड फक्त पाट म्हणून उरतो. जॅक लावायची वेळ आली तर त्याच्याखाली प्लायवूडचा जाड चौकोनी तुकडा हवा, नाहीतर गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो.

दुसऱ्या गाडीने टोचन करताना दोर फक्त चासीच्या ठरावीक हुकलाच लावायचा. गाववाले ट्रॅक्टर घेऊन मदतीला येतात, मनाने फार मोकळे असतात, पण साखळी दिसेल तिथे अडकवतात आणि बऱ्याचदा ती स्टिअरिंगच्या रॉडला अडकते. तुम्ही स्वतः खाली वाकून जागा दाखवा. टोचनासाठी ट्रेलरचा गोळा तर कधीच वापरू नका. तो तुटला की गोळीसारखा सुटतो. ताणलेल्या दोरावर जाड चादर टाका आणि मुलांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, बाजूला उभं करा.

हे सगळं एकट्या गाडीने करायचं का? टेकड्यांत शिरायचं असेल तर नाही, सोबत दुसरी फोर बाय फोर हवीच. पुण्यात ऑफरोडिंग करणाऱ्यांचे गट भरपूर आहेत, त्यांच्याबरोबर एखादा दिवस जाऊन शिका. सरावासाठी गाडी कोकणातल्या किनाऱ्यावर घालू नका. ते बेकायदा आहे, भरतीला गाड्या समुद्रात गेल्याची दृश्यं तुम्हीही बातम्यांत पाहिली असतील.

मुक्काम कुठे, यावर लोक फार हलगर्जी असतात. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या समभोवतीचा मोठा भाग डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत आहे. ही हद्द ३१६२ चौरस किलोमीटरची. माळढोकाची भारतातली जवळजवळ सगळी शिल्लक संख्या याच मुलखात आहे, आणि सगळे मिळून ते दीडशेच्या आसपास उरलेत. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक बघायला जाऊन हात हलवत परत आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. तिथे मनाला येईल तशी गाडी फिरवायची नाही आणि तंबूही ठोकायचा नाही. जे मोकळं दिसतं त्यातलं बरंच ओरणही असतं, म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथली फांदीही तोडत नाहीत. खेजडी म्हणजे आपली शमी. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत ही झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. त्या मुलखात शेकोटीसाठी वाळकी का होईना खेजडी तोडलेली कोणाला रुचणार नाही. जळण जैसलमेरला विकत घ्या.

मी जैसलमेरजवळच्या खुहडी गावाच्या बाजूला एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा छोट्या कॅम्पवाल्याच्या खासगी जमिनीवर, आधी बोलून, पैसे ठरवून तंबू लावणं पसंत करतो. विहिरीचं पाणी, संडास आणि अडीअडचणीला माणूस मिळतो. पंचवीस डिसेंबर ते दोन जानेवारी समला रात्री डीजे चालतात, तेव्हा शांतता हवी असेल तर ते टाळा. सुट्ट्यांचं जुळत असेल तर जानेवारीचा दुसरा आठवडा जास्त चांगला. अमावास्येच्या आसपासची तारीख पकडा, मुलांना आकाशगंगा दाखवता येईल.

तनोट आणि लोंगेवालापर्यंत आपल्याला रस्त्याने जाता येतं. त्यापलीकडे, तसंच शाहगडच्या बाजूला, सीमेलगतच्या पट्ट्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही, मग नकाशात वाट कितीही सरळ दिसो. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. परदेशातल्या भावाने भेट दिलेलं ते यंत्र घरीच ठेवा, मोठ्याचा ड्रोनही. पोखरण आणि चांदनच्या परिसरात लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दी आहेत. तिथे वाळूत पडलेला कसलाही धातूचा तुकडा उचलायचा नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच बजावून ठेवा. मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्या आणि एक सिम बीएसएनएलचं ठेवा.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अंतर साधारण बाराशे किलोमीटर, मुलांसोबत जाताना तीन दिवस धरा. पहाटे चारला घर सोडा म्हणजे घोडबंदर गर्दीआधी पार होईल. पहिला मुक्काम वडोदरा, दुसरा सांचोर किंवा बाडमेर, तिसऱ्या दिवशी दुपारी जैसलमेर. पालनपूर सोडलं की सूर्य मावळल्यावर चालवायचं नाही. उंट रस्त्यावर उभा असतो, त्याचे डोळे दिव्यात चमकेपर्यंत उशीर झालेला असतो आणि लांब पायांमुळे धडकेत त्याचं धड सरळ काचेवर येतं. पहिली आणि शेवटची रात्र जैसलमेरमध्ये लॉजवर काढा. आंघोळ, कपडे, हवा-पाणी, सगळं तिथे. टाकी तिथेच काठोकाठ भरा. वाळूत डिझेल दीडपट-दुप्पट लागतं. गाडी ॲडब्लूवाली (धूर साफ करणारं द्रव वेगळ्या टाकीत भरावं लागणारी) असेल तर त्याचाही एक कॅन.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरा, दोन दिवसांचं जास्तीचं ठेवा. एकाच मोठ्या टाकीऐवजी वीस लिटरचे चार कॅन बरे. एक फुटला तरी तीन उरतात. थंडीत तहान लागत नाही, त्यामुळे मुलं आणि म्हातारी माणसं पाणी टाळतात. सासूबाई तर रात्री उठावं लागेल म्हणून मुद्दाम पिणार नाहीत. लघवी गडद पिवळी दिसली की समजा पाणी कमी पडतंय. मोकळं बोला, त्यांचा तंबू आणि आडोशाचा तंबू यांच्यात दहा पावलांचंच अंतर ठेवा, मध्ये एक छोटा दिवा लावून ठेवा. घडीची कमोड खुर्ची घ्या. उकिडवं बसणं गुडघ्यांना झेपत नसेल तर त्याच एका वस्तूवर सहल निभावते. खड्डा वीतभर खोल, वर वाळू, कागद मात्र पिशवीत भरून परत.

स्वयंपाक जितका घरून करून न्याल तितकी वाळू कमी खाल. दशम्या, लसणाची चटणी, भाजणी, मेतकूट, गूळपोळ्या. रात्री कुकरमध्ये मऊ भात किंवा खिचडी, वर तूप. कुकरचं झाकण ही वाळवंटातली मोठी सोय आहे, उघड्या कढईत वारा चिमूट चिमूट वाळू घालत राहतो. सिलिंडर पाच किलोचा, कंपनीचा, हौद्यात उभा बांधलेला. कोपऱ्यावरच्या दुकानात भरून मिळणारी छोटी टाकी नको. गाडी वाळक्या सेवण गवतावर उभी करू नका. बीएस सहा डिझेल गाडीचा धुराड्याकडचा फिल्टर स्वतःला साफ करताना इतका तापतो की खालचं गवत पेट घेऊ शकतं.

फुरसं तिथेही आहे आणि विंचूही. हिवाळ्यात साप कमी फिरतात, तरी सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही आणि अंधारात अनवाणी फिरायचं नाही. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काहीही न करता हात-पाय स्थिर ठेवून सरळ जैसलमेरचं सरकारी रुग्णालय. मुक्काम रस्त्यापासून फार आत नको म्हणतो त्यामागे हेही कारण आहे. सासूबाईंच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. कोरड्या हवेने नाक फुटतं, मिठाच्या पाण्याचे थेंब सगळ्यांच्या नाकात रोज. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी रामगडकडे दिसेल आणि मुलं उतरू म्हणतील. उतरू देऊ नका. काँक्रीटचा उतार शेवाळाने निसरडा असतो, मोठ्या माणसालाही वर येता येत नाही.

निघण्याच्या तीन आठवडे आधी मुळशी किंवा पवनेच्या बाजूला एक रात्र अगदी असाच मुक्काम करून बघा, त्याच तंबूत, त्याच अंथरुणात, तीच शेगडी. जे सामान त्या रात्री कोणी हातात घेतलं नाही ते घरी उतरवा आणि पुन्हा काट्यावर जा. वाळवंटातून परत आल्यावर एअर फिल्टर काढून झटकू नका, बदलाच. झटकताना बारीक धूळ आतल्या बाजूला जाते. बुडाकडून गाडी धुऊन घ्या, चाकांचे नट पान्ह्याने आवळून बघा आणि ब्रेकमधून करकर येत असेल तर पॅड उघडून वाळूचे खडे काढायला सांगा.